वाजेल तो टॅपेट सुखी

कल्पना करा, तुमच्यापुढे एक बुटकी, दोन माणसांची, कापडी टपाची ब्रिटिश गाडी उभी आहे. बॉनेट वर केलेलं आहे. आत इंजिन दिसायला हवं, पण दिसतं ते नळ्यांचं जाळं. अमेरिकेत गाडी विकायची तर तिचा धूर कमी हवा असा कायदा झाला, तेव्हा कारखान्याने इंजिनाच्या अंगाखांद्यावर हे सगळं चढवलं. तुमच्या हातात पाना आहे आणि तुम्हाला ते उतरवायचं आहे.

आधी पट्टा सैल करा. मग पंप काढा. हा नारळाएवढा पंप जळून गेलेल्या वायूत ताजी हवा ढकलत असतो, म्हणजे अर्धवट जळालेलं जे उरलं असेल ते वाटेतच जळून जावं. त्याच्यामागे दोन झडपा, रबरी नळ्या आणि कोळशाने भरलेला एक डबा निघेल. शेवटी इंजिनाच्या डोक्यावर आडवी बसलेली, चार पाय असलेली लोखंडी नळी राहते. तिचे चारही पाय आट्यांनी आत बसवलेले असतात आणि बहुधा गंजलेले असतात. तेल सोडा, थांबा, चहा-कॉफी घ्या, परत या. जोर लावलात तर पाय मोडेल.

ती निघाली की चार भोकं दिसतील. ती थेट आत जातात, जिथून जळलेला वायू बाहेर पडतो तिथे. चारही भोकं बोल्टने बुजवायची. बोल्ट बारीक आट्याचा लागतो, एका इंचात वीस आटे असलेला. त्याच जाडीचा, पण इंचात चौदाच आटे असलेला जाड आट्याचा बोल्ट आमच्याकडे कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात, कुठल्याही डब्यात सापडतो. तोही भोकात एक फेरा जातो. मग अडकतो, आणि पान्याला अगदी घट्ट लागतो.

चौथं भोक सगळ्यात मागे आहे, हीटरच्या तोटीखाली. तिथे हात जेमतेम पोहोचतो आणि डोळा पोहोचतच नाही.

डेल कांगास दर वेळी सांगायचा, "पहिले तीन फेरे बोटांनी. बोटांनी जाईल तोच खरा. पाना शेवटी, फक्त नमस्काराला."

अमेरिकेतल्या एरी सरोवराच्या काठी, कॉनिऑट गावात, डेलने या गाड्यांची अशी किती इंजिनं मोकळी केली याचा हिशेब त्याच्याकडे नाही. त्यांतल्या एकाच गाडीबद्दल तो बोलतो. लोरेटा फिच त्या गाडीत वारली. ती बर्फाने गेली की डेलच्या हाताने, एवढं त्याला कळायला हवं आहे.

डेलचे आईवडील फिनलंडमधून आले होते. वडील बंदरावर खनिज उतरवायला होते, आणि डेल त्याच बंदरावर खनिज उतरवणाऱ्या यंत्रांचा मिस्त्री झाला. तो उंच आणि हाडकुळा होता. शनिवारी संध्याकाळी परसातल्या सॉनात, म्हणजे फिनिश वाफेच्या खोलीत, बसून तो असा लालबुंद व्हायचा की आयरीन, त्याची बायको, म्हणायची, "आता याला बटाट्यांबरोबर वाढा." तरुणपणी तो हवाई दलात होता आणि दोन वर्षं इंग्लंडमध्ये राहिला होता. तिथल्या अरुंद रस्त्यांवर त्याने या गाड्या पाहिल्या आणि येताना डोक्यात एक घेऊन आला. खरी घ्यायला त्याला आणखी आठ वर्षं लागली.

बंदरावरची यंत्रं तीनमजली घराएवढी होती. दिवसभर त्यांच्याशी झगडून आलेल्या माणसाला मांडीवर घेता येईल एवढं इंजिन आवडलं, यात नवल नाही. हळूहळू आसपासच्या गावांतले या गाड्यांचे मालक त्याच्या शेडकडे वळू लागले. त्यात पोस्टमन होता, एक दंतवैद्य होता, द्राक्षमळेवाले दोघं भाऊ होते. धुराच्या त्या सगळ्या सामानाला ही मंडळी 'लोढणं' म्हणायची. कुणाची नवी गाडी आली की एक शनिवार ठरायचा. सगळे जमायचे, आयरीन वाटाण्याचं सूप करायची आणि गाडीच्या गळ्यातलं लोढणं उतरायचं. कायद्यात हे बसत नव्हतं. पण आमच्या जिल्ह्यात त्या वेळी गाडीच्या शेपटीला नाक लावून बघायला कुणी येत नसे.

सामानाबरोबर म्हणीही चालायच्या. "तेल गळत नसेल तर संपलंय असं समज." "रात्री दिवे लागले तर देवाचे आभार मान." सगळ्यात आवडती म्हण टॅपेटची होती. या इंजिनात झडपा उघडणाऱ्या दांड्यांना, म्हणजे टॅपेटना, जरा फट ठेवावी लागते. फट असेल तर बारीक टिकटिक येते. आवाज नको म्हणून कुणी फट बुजवली, तर इंजिन तापल्यावर झडप पुरती मिटत नाही आणि जळते. म्हणून, वाजेल तो टॅपेट सुखी. नव्या माणसाने घाबरून "काहीतरी वाजतंय हो" म्हटलं की चार जण एका सुरात हे म्हणायचे. मग तो नवा राहत नसे.

नॉर्मन फिच शाळेची बस चालवायचा. लोरेटा त्याच शाळेच्या स्वयंपाकघराची प्रमुख होती. गावातल्या दोन पिढ्या तिच्या हातचं जेवल्या होत्या, आणि ताटात गाजर ठेवून उठलेला प्रत्येक जण तिला नावाने आठवत होता. तिच्या पन्नासाव्या वाढदिवसाला नॉर्मनने याच ब्रिटिश गाड्यांतली एक केशरी एमजी आणली, सत्त्याहत्तर सालची, लोढण्यासकट. लोरेटाने तिचं नाव ठेवलं 'भोपळी'.

शहाऐंशीच्या मे महिन्यातल्या एका शनिवारी भोपळी डेलच्या शेडमध्ये उभी राहिली.

"हिला दुखणार नाही ना रे?" लोरेटाने विचारलं.

"दाढ काढण्यापेक्षा कमी," डेल म्हणाला.

"माझ्याकडे काय बघतोस?" दंतवैद्य म्हणाला. "माझ्याकडे निदान भूल तरी मिळते."

"तुझं बिल बघूनच येते ती," नॉर्मन म्हणाला.

पंप निघाला, डबा निघाला. चार पायांची नळी दोन तास हटून बसली आणि मग निमूट निघाली. डेलने आदल्या दिवशी चार बोल्ट मोजून आणले होते. पहिला, दुसरा, तिसरा, तिन्ही तीन फेरे बोटांनी आणि मग पाना. चौथा त्याच्या हातून निसटला आणि शेडच्या दाराशी खडीत गेला. दोघातिघांनी वाकून शोधला. सापडला नाही.

"सूप थंड होतंय!" आयरीन घरातून ओरडली. "आणि मी ते दुसऱ्यांदा गरम करणार नाही!"

डेलने फळीवरच्या कॉफीच्या डब्यात हात घातला. वर्षानुवर्षांचे उरलेसुरले बोल्ट त्यात होते. त्याच जाडीचा एक त्याने उचलला, हीटरच्या तोटीखाली हात वाकडा करून भोकात लावला आणि पाना फिरवला. घट्ट लागला. त्याने हात पुसले आणि सगळे जेवायला गेले.

हे सगळं डेलला आत्ताच घडल्यासारखं आठवतं. तेव्हा त्याला त्यात आठवण्यासारखं काही वाटलं नव्हतं. बोटांनी फेरे दिले की नाही, हे मात्र त्याला कितीही ताण दिला तरी आठवत नाही. तो म्हणतो, "दिले असते तर कळलं असतं. कळलं नाही, म्हणजे दिले नाहीत."

तीन उन्हाळे भोपळी मजेत चालली. इंजिन तापायचं, गार व्हायचं, पुन्हा तापायचं. अडकवलेला बोल्ट दर खेपेला केसभर सरकत असणार.

अठ्ठ्याऐंशीच्या नोव्हेंबरातली एक मंगळवारची संध्याकाळ होती. कांगासांकडे दंतवैद्य आणि त्याची बायको जेवायला होती. फोन वाजला. आयरीनने घेतला आणि टेबलावरून डेलकडे दिला.

"डेल, अरे मी लोरेटा. जेवतोयस का? मी मिनिटच घेते."

"बोल."

"भोपळी कालपासून टिकटिक करतेय. पुढून. म्हणजे नेहमी करते तशीच, पण जरा जास्त. उद्या सकाळी गिरार्डला जाऊन यायचंय, बहिणीकडे. मग नॉर्मन तिला हिवाळ्यासाठी झाकून ठेवणार आहे. म्हटलं शेवटची फेरी मारू की नको?"

डेलने टेबलाकडे बघत डोळा मारला. "लोरेटा, वाजेल तो काय?"

टेबलावरून दंतवैद्य ओरडला, "टॅपेट सुखी!"

पलीकडून लोरेटा हसली. "म्हणजे माझ्या स्वयंपाकघरासारखंच. भांडी वाजत नाहीत तेव्हा मी काळजी करते." मग म्हणाली, "बरं, सुखी तर सुखी. आयरीनला सांग, तिचं भांडं परत द्यायचंय मला."

तिने फोन ठेवला. पाऊण मिनिटाचं बोलणं.

बुधवारी सकाळी ऊन होतं. अकराच्या सुमारास लोरेटा निघाली. नॉर्मन बसवर होता. सरोवरावरून हिमवादळ येतं ते आमच्याकडे कुणाला विचारून येत नाही. एका गावात ऊन असतं आणि तीन मैलांवर हात पुढे धरला तर दिसत नाही. गिरार्डच्या अलीकडे, द्राक्षमळ्यांच्या पट्ट्यात, तिला ते लागलं. तिने शहाणपणाने गाडी रस्त्याकडेला, हंगाम संपून बंद झालेल्या एका फळांच्या टपरीशेजारी घेतली. टप वर, काचा वर, हीटर चालू. नॉर्मनने तिला आणि बसमधल्या प्रत्येक मुलाला पढवून ठेवलेलं होतं, बर्फात अडकलात तर गाडी सोडू नका, इंजिन बंद करू नका, गोठून मराल.

तीनच्या सुमारास बर्फ हटवणाऱ्या गाडीच्या ड्रायव्हरला केशरी रंग दिसला. इंजिन तेव्हा बंद पडलेलं होतं. लोरेटा मान टेकून बसली होती आणि तिच्या गालांवर चांगला रंग होता. त्या ड्रायव्हरने तिला दोनदा हाक मारली.

त्याच तासाला नॉर्मन त्याच वादळातून बस चालवत होता. त्या दिवशी त्याने एकूण एक मूल घरी पोहोचवलं.

गाडीच्या शेपटीशी बंपरपर्यंत बर्फ साचला होता आणि सायलेन्सरची नळी त्यात गाडली गेली होती. तपासाला आलेला पोलीस, डेप्युटी टिमन्स, तरुण होता आणि असं त्याने याआधीही पाहिलं होतं. नळी बंद, वायू गाडीखालून आत, हीटर चालू, माणूस पेंगतं आणि उठत नाही. कागदावर तेच लिहिलं गेलं. बॉनेट कुणी उघडलं नाही, कारण उघडायचं काही कारणच नव्हतं.

नॉर्मनला गाडी डोळ्यांसमोर नको होती. तिसऱ्या दिवशी ओढगाडीने भोपळी डेलच्या शेडमध्ये आणून सोडली.

"नॉर्मन म्हणालेत, तुम्हाला हवं ते करा," ओढगाडीवाला म्हणाला.

तो गेल्यावर डेलने बॉनेट उघडलं. चौथं भोक रिकामं होतं. मागचा हीटरचा पत्रा एखाद्या चुलीच्या तोंडासारखा काजळीने काळा झाला होता, आणि काजळीचा पट्टा वर, काचेच्या खाली जिथून हीटर हवा ओढतो त्या जाळीपर्यंत गेला होता. बोल्ट खाली एका खोबणीत पडलेला सापडला. डेलने तो बोटांत धरून आटे मोजले. मोजायची गरज नव्हती. सैल बोल्टच्या फटीतून वायू सुटला की तोही टॅपेटसारखाच टिकटिकतो.

पुढे त्याने जे केलं ते त्याला आजही सांगताना अडखळायला होतं. त्याने फळीवरून बारीक आट्याचा बोल्ट घेतला, तीन फेरे बोटांनी दिले, पाना लावला. मग चिंधी रॉकेलमध्ये भिजवून काजळी पुसून काढली. "हात आधी चालले," तो म्हणतो. "तीस वर्षं हातांना तेच माहीत. उघडं दिसलं की बुजव, काळं दिसलं की पूस. डोकं मागून आलं. आलं तेव्हा पत्रा चकचकीत झाला होता."

आयरीन दारात उभी होती. तिला फोनही माहीत होता आणि आता चिंधीही दिसली.

"काय पुसतोयस?"

त्याने सांगितलं. ती आत जाऊन बसली. तो मागोमाग आत आल्यावर म्हणाली, "बाईने तुला गाडीचं दुखणं सांगितलं आणि तू तिला म्हण ऐकवलीस."

"मला काय ठाऊक—"

"ठाऊक नव्हतं म्हणून तर विचारायचं होतं. 'कसली टिकटिक, इंजिन तापल्यावर वाढते का?' एवढं. कुठल्याही परक्या माणसाला तू विचारलं असतंस. घरच्यांना तेवढ्या म्हणी." मग ती म्हणाली, "नॉर्मनला सांग."

डेलने सांगितलं नाही. दफनाच्या दिवशी सांगणं बरं दिसलं नसतं. नाताळात सांगणं त्याहून वाईट. जानेवारीत नॉर्मनने बसची नोकरी सोडली. तो रस्त्यात कुणालाही अडवून म्हणायचा, "मीच तिला सांगितलं होतं, इंजिन बंद करू नको. मी. शंभरदा." लोक म्हणायचे, तू काय करणार. तो म्हणायचा, "शंभरदा सांगितलं." त्याचे कपडे अंगावर लटकायला लागले. शाळेतल्या मुलांच्या आया डबे पाठवायच्या, ते तसेच पायरीवर राहायचे.

"तुझ्या वाटचा दोष तो खातोय," आयरीन डेलला म्हणाली. "तुझ्या गप्प बसण्याने तो वाळतोय. मैत्री जाईल म्हणून भितोस? मैत्री आहे कुठे आता? तो कुणाशी धड बोलतो तरी का?"

एप्रिलमध्ये डेल गेला. नॉर्मन अंगणात उभा होता आणि हातातल्या दाताळ्याने मागच्या वर्षीची पानं एका जागेवरून दुसऱ्या जागी ओढत होता.

"नॉर्मन, तुला एक सांगायचंय. शेवटपर्यंत ऐक." डेलने खिशातून बोल्ट काढला. "हा भोपळीच्या चौथ्या भोकात होता. चुकीच्या आट्याचा. मी लावलेला. तो पडला आणि इंजिनातून सगळं हीटरमध्ये गेलं. तू सांगितलंस म्हणून नाही ती गेली."

नॉर्मनने दाताळं भिंतीला टेकवलं. बोल्टकडे बघितलं, पण हातात घेतला नाही.

"आयरीनने पाठवलं तुला?"

"हो. पण खरं आहे ते."

"भोक आता उघडं आहे?"

"नाही. मी बुजवलं."

"काजळी असेल की मग."

"पुसली."

"का?"

डेलने बोल्ट आणखी पुढे केला.

"डेल," नॉर्मन म्हणाला, आणि त्याचा आवाज इतका मऊ होता की डेलला तो मार बसल्यासारखा लागला. "असे बोल्ट तुझ्या डब्यात शंभर असतील."

"ऐक ना. तिने आदल्या दिवशी फोन केला होता मला. टिकटिक येतेय म्हणाली. मी थट्टा केली. वाजेल तो टॅपेट सुखी म्हटलं. विचार आयरीनला. दंतवैद्याला विचार, तो बसला होता टेबलावर."

"ते सगळे तुझेच लोक."

"तुझेही आहेत."

"मंगळवारी मी घरीच होतो जेवायला, आठनंतर. ती मला फोनचं काही बोलली नाही. काडीएवढी गोष्ट मला सांगायची ती. भाजीवाल्याने कोबी कसा निवडून दिला ते सांगायची. हे सांगितलं नसतं?"

"सांगण्यासारखं काही आहे असं तिला वाटलंच नाही. मीच तसं करून ठेवलं."

नॉर्मनने मान हलवली. कुणीतरी नको असलेली वस्तू आग्रहाने देतंय आणि ती परत करायचीय, तशी. "तू चांगला माणूस आहेस. माझ्यासाठी तुला हे रचावं लागलं, याचं मला वाईट वाटतं. पण पुन्हा नको. पुन्हा हे घेऊन आलास तर मला दार लावावं लागेल."

त्याने दाताळं उचललं. डेल बोल्ट खिशात घालून घरी आला. आयरीनने त्याचा चेहरा बघून विचारलं, "ओरडला?"

"नाही."

"मग?"

"माफ केलं," डेल म्हणाला. "जे मी केलंच नाही त्याबद्दल."

नॉर्मन त्यानंतर दीड वर्षाने गेला. हृदयाने, असं लिहिलं गेलं. शेवटपर्यंत तो हेच म्हणत होता, की आपल्या सांगण्यानेच लोरेटा गेली.

डेल शनिवार भरवेनासा झाला. कुणी लोढणं उतरवायला गाडी आणली तर तो दारातूनच सांगायचा, "चालतेय ना? मग राहू दे." म्हणी त्याने सोडल्या. टिकटिक म्हणून कुणी फोन केला तर तो जेवणावरून उठून कोट घालून जायचा, वीस मैल असले तरी. गेल्यावर बहुतेक वेळा टॅपेटच असायचे.

भोपळी त्याने विकली नाही. दर हिवाळ्यात, बर्फ पडला की तो तिची शेपटी शेडच्या दाराबाहेर काढतो. चारही भोकांत बरोबर बोल्ट आहेत, हे बोटांनी तपासतो. मग फावड्याने सायलेन्सरच्या नळीवर बंपरपर्यंत बर्फ चढवतो, विषारी वायू ओळखणारा घरगुती भोंगा सीटवर ठेवतो, इंजिन चालू करतो आणि घड्याळ घेऊन लांब उभा राहतो. बंदरावरून तो निवृत्त झाला तेव्हा त्याच दुरुस्ती विभागात मी इंजिनिअर म्हणून लागलो होतो. मी शिकलेला म्हणून एके वर्षी त्याने मला बोलावलं. टिपणं त्याने नीट ठेवली आहेत.

त्याचं म्हणणं सोपं आहे. चौथं भोक बंद असतं आणि शेपटीची नळी बर्फाने खरंच बंद झाली असती, तर इंजिनाला श्वास सोडायला जागा नव्हती. ते गुदमरून आपोआप बंद पडलं असतं. लोरेटाला थंडी वाजली असती, ती चिडली असती, पण जगली असती. मग दोष त्याचा आहे, आणि नॉर्मन उगीच मेला. पण बर्फातून वायू वाट काढू शकत असेल, तर बोल्ट असो नसो, गाडीखालून विष आत आलंच असतं. मग नॉर्मन बरोबर होता.

पहिल्या वर्षी इंजिन चार मिनिटांत खोकलं आणि बंद पडलं. डेल त्या दिवशी रडला, असं आयरीन सांगते. तो स्वतः सांगतो, त्या दिवशी झोप लागली, निदान उत्तर मिळालं होतं. दुसऱ्या वर्षी इंजिन चाळीस मिनिटं चाललं. गरम वायूने बर्फात सशाच्या बिळासारखं भोक पाडलं, आणि सीटवरचा भोंगा त्याआधीच कोकलत होता. पहिल्या वर्षीचा बर्फ ओला होता. दाबला की विटेसारखा बसणारा. दुसऱ्या वर्षीचा कोरडा, पिठासारखा. पुढच्या सगळ्या वर्षांत दर खेपेला तसंच झालं. ओला असला की इंजिन मरतं, कोरडा असला की माणूस.

मी आकडेमोड करून पाहिली. आकडेही तेच म्हणतात. बर्फ कसला होता ते सांगा, मग आम्ही सांगू.

हवामान कार्यालयाने त्याला पत्राने कळवलं, त्या दिवशी अकरा इंच पडला आणि तापमान गोठणबिंदूच्या एक अंश खाली होतं. म्हणजे नेमकं काठावर. गाडी सापडलेल्या ड्रायव्हरला तो तीनदा भेटला. तिसऱ्यांदा तो म्हातारा वैतागून म्हणाला, "बर्फ होता, डेल. पांढरा होता. आणखी काय सांगू?" डेप्युटी टिमन्सचे फोटो काळेपांढरे आहेत. भिंगाखाली त्यात नुसते ठिपके दिसतात.

आता डेल सत्तरीच्या पुढे आहे. गिरार्डच्या बाजूचं कुणी भेटलं, दुकानात, चर्चमध्ये, पेट्रोल भरताना, की तो आधी त्यांचं वय बघतो. मग विचारतो, अठ्ठ्याऐंशीच्या नोव्हेंबरात इकडेच होता का. हो म्हटलं की जवळ सरकतो आणि हात पुढे करून रिकामी मूठ उघडतो, मिटतो.

"त्या बुधवारी, बारा ते दोनच्या मध्ये, मळ्यांच्या रस्त्याने तुम्ही गेला होतात का? खाली उतरला होतात? बर्फ हातात घेतलात तर त्याचा गोळा होत होता, की बोटांतून निसटत होता?"